माझ्या पोटातल्या दोन बाटल्या

मित्रांनो, माझ्यातले पाणी आजवर कोणी प्यायले नाही, तरीही मी माठ आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. अंगावर पांढरे क्षार फुटले आहेत. बुडाशी एक बारीक चीर गेली आहे. केना शहराच्या पलीकडे, नाईलच्या पश्चिम काठावर, उसात बुडालेले एक गाव आहे. तिथल्या एका घराच्या अंगणात, जिन्याखाली माझी जागा आहे.

रशवानकाकांनी मला घडवले. खड्ड्यात बसून ते पायाने चाक फिरवायचे. मातीत राख आणि भुसा मिसळायचे आणि भट्टी उसाच्या पाचटावर पेटवायचे. मातीच्या एकाच गोळ्यातून त्यांनी दोन माठ काढले. पहिला माझा भाऊ. त्याचा काठ चंद्रासारखा गोल उतरला. माझा काठ ओढत असताना काकांना खोकल्याची उबळ आली आणि माझे तोंड कायमचे एका बाजूला वाकडे झाले. काका माझ्याकडे बघून म्हणाले, "राहू दे. तोंड वाकडं असलं म्हणून काय झालं, पोट तर सरळ आहे."

सनिय्या नावाच्या विधवा बाईने भावाला पसंत केले. काकांनी मला वर फुकटच दिले. भाऊ दारापाशी लाकडी तिवईवर बसला. ऊसतोडीला जाणारे येणारे त्याच्यातले पाणी पीत आणि सनिय्याला दुवा देत. माझ्यातून पाणी ओतून पाहिले तर सगळे जमिनीवरच सांडले, म्हणून माझ्यात कांदे भरले. कांदे संपले आणि मग काहीच भरले नाही. दोन वर्षे मी जिन्याखाली रिकामा होतो. दारात भावाचे कौतुक चालले की मला ऐकू यायचे. मला त्याचा राग येत नव्हता. फक्त आपल्याला कोणीतरी एकदा हात लावावा, एवढेच वाटे.

सनिय्याची मुलगी नवारा तेव्हा सहा वर्षांची होती. एका उन्हाळ्यात ती भावाच्या अंगाला चिकटूनच राहू लागली. वाडग्यामागून वाडगे पाणी प्यायची तरी तिची तहान भागेना. एवढी मोठी मुलगी अंथरूण ओले करते म्हणून आई रागवायची. मग पोर वाळत गेली आणि एक दिवस शाळेत बाकावरच बेशुद्ध पडली. नवव्या दिवशी ती इस्पितळातून परत आली तेव्हा तिच्यासोबत काचेच्या दोन लहान बाटल्या होत्या. त्यांत इन्सुलिन होते. त्या गार ठेवायच्या होत्या, आणि आमच्याकडे उन्हाळ्यात वीज अर्धा अर्धा दिवस जाते. डॉक्टरांनी सनिय्याला विचारले होते, "घरात माठ आहे ना? त्यात पाणी नको, वाळू भरा. वाळू रोज ओली करा."

त्या दिवशी सनिय्याने मला जिन्याखालून बाहेर काढले, घासले, नदीची वाळू भरली आणि मधोमध एक डबी बसवून त्यात बाटल्या ठेवल्या. मित्रांनो, माझे वाकडे तोंड त्या दिवसापासून कोणाच्या डोळ्यांत खुपले नाही.

त्या मुलीभोवती सगळी गल्ली गोळा झाली. सनिय्या संत्र्यात सुई टोचून टोचून शिकली. शेजारची उम्म हिलालही शिकली, वेळप्रसंगी उपयोगी पडावे म्हणून. साखर एकदम उतरली तर तोंडात टाकायला दप्तरात खजूर आहेत ना, याची आठवण शाळेतल्या बाईंनी सांभाळली. नवाराचे तोंड हलताना दिसले की दहा दिशांनी दहा आवाज यायचे, "नवारा, काय खातेस?" पैगंबरांच्या जन्मोत्सवात मुलींना साखरेची बाहुली मिळते. बाकीच्या मुली दुसऱ्या दिवशी बाहुलीचे हात-पाय खाऊन टाकत. नवाराची बाहुली मुंग्या लागेपर्यंत फळीवर उभी असायची.

बाटल्या कोणाच्या ते कळावे म्हणून तिने कोळशाने माझ्या पोटावर आपले नाव लिहिले. मी घामाघूम होणारा माठ. चार दिवसांत अक्षरे पुसट व्हायची आणि ती पुन्हा लिहायची.

त्याच घरात सनिय्याचा धाकटा भाऊ बखीत राहायचा. लग्नानंतर दोन वर्षांत त्याची बायको वारली आणि त्याने पुन्हा घर मांडले नाही. शेतातून साखर कारखान्याकडे जी छोटी गाडी ऊस वाहून नेते, तिचे इंजिन तो चालवायचा. रुळांच्या कडेची पोरे डब्यातून ऊस ओढून पळायची आणि बखीत मुद्दाम दुसरीकडे बघायचा. त्याच्या स्वतःच्या गालातही कायम उसाचे कांडे असे आणि चहात चार चमचे साखर.

छत्तिसाव्या वर्षी तोही पाण्यामागे लागला. त्याचा पट्टा एक एक भोक आत जाऊ लागला. लोक म्हणाले, उन्हातले काम आहे. कोणी म्हणाले, बायकोशिवाय माणूस असाच वाळतो. शेवटी तो केनाच्या इस्पितळात गेला आणि संध्याकाळी हसत हसत परत आला.

"सनिय्या, ऐक तर. म्हणे मला तुझ्या पोरीचा आजार झालाय. या वयात लहान पोरांचा आजार. उद्या मला गोवरही निघेल."

सनिय्या हसली नाही. "बाटली दिली?"

"दिली. पण कुणाला बोलू नकोस. वरच्यांना कळलं तर इंजिनावरून खाली उतरवतील मला."

नळ आल्यापासून माझा भाऊ दारातून गच्चीवर गेला होता. बखीतची बाटली त्याच्या पोटात गेली, कबुतरखान्याच्या आडोशाला. भावाला पुन्हा काम मिळाले म्हणून मला आनंद झाला. पण त्या बाटलीभोवती कोणी जमले नाही. बखीतसाठी कोणी संत्र्यात सुई टोचली नाही. तो पहाटे गच्चीवर एकटा जायचा आणि शर्ट खाली ओढत उतरायचा. त्याने काय खाल्ले, काय नाही, हे त्याला कोणीच विचारत नव्हते. मोठा माणूस होता ना तो.

दोनेक महिन्यांनी एक नवल घडले. बखीतला औषध कमी कमी लागू लागले. मग तो घेईनासाच झाला, तरी नवाराच्या साखर मोजायच्या यंत्रावर त्याची साखर ठीक दिसायची. एका शुक्रवारी दुपारी अंगणात बसून त्याने हे सनिय्याला सांगितले. उम्म हिलालही तिथेच होती. तिच्या कानापासून आता काही लपले नव्हते.

नवारा तेव्हा अकरा वर्षांची होती. ती म्हणाली, "मग माझं का नाही गेलं?"

सनिय्या समजावणीच्या सुरात म्हणाली, "तुझी गोष्ट वेगळी, बाळा. तू एवढीशी होतीस. ते तुझ्या हाडांबरोबर वाढलं, घरचंच झालं. मामा बाप्या माणूस. त्याच्याकडे ते पाहुणं म्हणून आलं होतं. पाहुणा गेला."

"मग मी काय म्हणतोय?" बखीत म्हणाला.

आमच्याकडे नकोसा पाहुणा गेला की त्याच्या पाठीमागे दारात माठ फोडतात, म्हणजे तो पुन्हा उंबरा चढत नाही. सनिय्या उठली आणि गच्चीवरून माझ्या भावाला घेऊन आली.

उम्म हिलाल म्हणाली, "फोड बाई, फोड. सासू लेकीकडे राहायला गेली तेव्हा मी तीन फोडले होते."

"मग?"

"मग काय, चौथ्या दिवशी नवीन माठ घेऊन परत आली."

सगळे हसले. बखीतने भावाच्या पोटातली न उघडलेली बाटली काढून नवाराच्या हातात दिली, "घे, तुला होईल." आणि सनिय्याने भावाला उंबऱ्यावर आपटले.

एकाच गोळ्यातून आम्ही निघालो होतो. तो आवाज मला माझ्याच अंगातून आल्यासारखा वाटला. टाळ्या झाल्या, चहा झाला. कोणी तुकडे झाडून एका बाजूला केले. नवाराने त्यांतला एक पसरट तुकडा निवडून माझ्या तोंडावर झाकण म्हणून ठेवला. मामाची बाटली तिने माझ्या पोटात उजवीकडे ठेवली आणि वर कोळशाने लिहिले, 'मामा'. आईने विचारले, "ती कशाला आता?" ती म्हणाली, "असू दे."

ऊसतोडीचा हंगाम आला. कडाक्याची थंडी होती. एका सकाळी बखीत कामाला निघायच्या आधी अंगणातल्या मातीच्या ओट्यावर बसला आणि त्याला उठवेना. तो धापा टाकत होता. पहाटेपासून दोनदा उलटी झाली होती. सनिय्याला वाटले, कालचे वाटाण्याचे कालवण बाधले. नवारा दप्तर घेऊन शाळेला निघाली होती. ती त्याच्याजवळ गेली आणि थबकली.

"मामा, तुझ्या तोंडाला पिकलेल्या पेरूचा वास येतोय."

"पेरू खाल्ला असेल."

"हिवाळ्याच्या पहाटे? उलटी करताना?" तिने यंत्र काढले, त्याचे बोट धरले आणि टोचले. यंत्राने आकडा दाखवलाच नाही. मोजता येत नाही इतकी साखर झाली की ते नुसते 'जास्त' असे दाखवते. "आई, उम्म हिलालच्या दिराची गाडी बोलाव. लगेच."

"गाडी नको," बखीत म्हणाला. "डबे भरून उभे आहेत. गेलो नाही तर कारण विचारतील."

"मग सांग कारण."

"तू टोच ना सुई. तुला येतं की. एक टोच आणि जाऊ दे मला."

"नाही. हे एका सुईचं काम नाही. मला यात सलाईन लावावं लागलं होतं. डॉक्टरच बघतील." ती दारात जाऊन उभी राहिली, भाऊ फुटला होता त्याच उंबऱ्यावर. दोन्ही हात चौकटीला लावून.

"नवारा, बाजूला हो. इंजिन गेलं तर माझ्याकडे राहिलं काय?"

ती रडत होती, पण हलली नाही. "मी आहे ना, मामा. माझ्यासारखं या घरात दुसरं कोण आहे?"

बखीतने उठायचा प्रयत्न केला आणि तो ओट्यावरच कलंडला. गाडी आली. नवाराने माझ्या तोंडावरचा तुकडा उचलला, त्याची बाटली घेतली आणि डॉक्टरांना दाखवायला सोबत नेली.

सहा दिवस सगळी इस्पितळातच होती, नवाराची सुईही तिथेच. माझी वाळू कोणी भिजवली नाही. ती कडेने कोरडी होऊन तडकली, आणि माझ्या पोटात नवाराची एकच बाटली होती. असे सहा दिवस कोणावर येऊ नयेत.

बखीत वाचला. इंजिन मात्र गेले. त्याला रुळांवरच्या फाटकावर बसवले. गाडी आली की दांडी खाली, गेली की वर. इंजिनावरचे जुने सोबती हात करायचे आणि निघून जायचे.

एका दुपारी तो माझी वाळू भिजवत होता आणि नवारा शेजारी गृहपाठ करत होती. तो खाली मान घालून म्हणाला, "डॉक्टरांनी मला आधीच सांगितलं होतं. सुरुवातीला थोडे दिवस शरीर सावरल्यासारखं वाटतं, सुई लागेनाशी होते, पण आजार जात नाही, फसू नका म्हणाले होते. मी घरी बोललोच नाही. मला ते ऐकायचंच नव्हतं."

नवाराने पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"तुला आठवतं का गं, सुईच्या आधीचं?"

"नाही. मला वाटायचं सगळ्यांनाच असते. शाळेत लस टोचली तेव्हा सगळी पोरं रडायला लागली. मी बाईंना विचारलं, ही रोजच रडतात का?"

बखीत हसला. "तू सुखी. तुझं काही गेलंच नाही. मला सगळं आठवतं. पहिल्या तोडीचा ऊस आठवतो. चहा आठवतो."

"तू सुखी," नवारा म्हणाली. "छत्तीस वर्षं कुणी विचारलं नाही, काय खातोस. माझं तोंड हललं की अजून दहा जणं ओरडतात."

"मला आजही कुणी विचारत नाही."

नवाराने वही मिटली. "मामा, आज दुपारी काय खाल्लंस?"

त्या दिवसापासून ती रोज विचारू लागली. आणि तो तिला काहीच विचारायचा नाही. दोघांनाही तेच हवे होते. बखीत कधी शाळेत गेला नव्हता. माझ्या पोटावर ती कोळशाने नाव लिहायची, ते बघून तो अक्षरे शिकला. त्याने पहिल्यांदा लिहिलेले नाव स्वतःचे नव्हते, नवाराचे होते, आणि तेही माझ्या तोंडासारखेच एका बाजूला वाकडे.

मित्रांनो, आता नवारा शिकायला असयूतला गेली आहे. तिच्या बाटल्या थर्मासमध्ये बसून गेल्या. ती निघाली तेव्हा बखीतने आदल्या दिवसापासून घरातले सगळे माठ जिन्याखाली लपवून ठेवले होते, तिच्या पाठीमागे चुकूनही काही फुटू नये म्हणून. घरात फ्रिजही आला आहे. कोणी मला अंगणातून काढायचे म्हणते, पण वीज गेली की सगळे पुन्हा माझ्याकडेच धावतात. एरवी दिवसच्या दिवस कोणी फिरकत नाही, एका बखीतशिवाय.

तुम्हाला एकच सांगायचे आहे. लहान मूल आजारी पडले की तुम्ही सगळे धावता, आणि ते योग्यच आहे. पण मोठे माणूस आजारी पडले की ते आपले आपण बघेल असे समजू नका. आणि त्याचा आजार गेला असे ठरवून त्याच्या दारात माठ फोडू नका. त्याला रोज एकदा विचारा, काय खाल्लेस. माझी वाळू रोज भिजवावी लागते, तसेच आहे हे. एक दिवस जरी विसरलात तरी कडेने तडकायला लागते.

माझ्या पोटात आता उजवीकडे एकच बाटली असते. डावी बाजू बखीतने रिकामी ठेवली आहे. तिथे तो दुसरे काही ठेवू देत नाही. दुपारी असयूतहून फोन येतो, आणि "आज काय खाल्लंस?" या प्रश्नाला तो अगदी भाजीच्या फोडीपर्यंत उत्तर देतो. मग कोळसा घेऊन माझ्यापुढे बसतो. मी घामाघूम होणारा माठ, माझ्यावर काही टिकत नाही. दर शुक्रवारी तो डाव्या बाजूला तिचे नाव पुन्हा लिहितो. आता ते सरळ येते.