मी कार्ड बदलणार नाही

गार्थचा निरोप आला तेव्हा मी भांडी घासत होते. "वर्ना, रविवारपर्यंत नवीन ग्राफिक्स कार्ड बसव, नाहीतर लीगमधून तुझं नाव काढावं लागेल. वळणावर तुझी गाडी अडखळते आणि मागचे चौघे येऊन आदळतात."

काढ म्हणावं! एकतीस वर्षं मी कॅनडातल्या थंडर बेमध्ये शाळेची बस चालवली. उणे तीस अंशांत, निसरड्या बर्फावर, मागे चाळीस कार्टी बोंबलत असताना. एकाच्याही गुडघ्याला खरचटलं नाही. आणि हा दातांचा निवृत्त डॉक्टर, लीग चालवतो म्हणून, मला कॉम्प्युटरवरच्या शर्यतीतून हाकलणार!

माझा मुलगा डेल याच लीगचं तांत्रिक काम बघतो. वसंतात माझा कॉम्प्युटर वरच्या खोलीतून तळघरात आणून त्यानेच जोडून दिला. मी त्याला फोन लावला.

"आई, पडद्यावर चित्र काढणारं ते कार्ड म्हातारं झालंय गं. बदलून टाक."

"कधी बदलू?"

"आत्ता नको. जानेवारीत नवीन येतंय, मग आत्ताचं स्वस्त होईल. पण जानेवारीतलं घ्यायचं तर उन्हाळ्यात त्याहून भारी येणारच आहे."

"म्हणजे मी मेल्यावर घेऊ?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

तीन वर्षांपूर्वी हेच कार्ड त्याने "आता दहा वर्षं बघायला नको" म्हणून माझ्या गळ्यात मारलं होतं. नाही बदलणार जा, म्हटलं, आणि फोन ठेवला.

खरं सांगू? पैशांचं काही नव्हतं. सगळे कार्डाला म्हातारं म्हणत होते आणि मला ते भलतंच ऐकू येत होतं. सदुसष्ट वर्षांची आहे मी. नवीन कार्ड बसवलं आणि तरीही गाडी अडखळली, तर मग अडखळतंय कोण? जुनं होतं तोवर बोट दाखवायला जागा तरी होती. आठवडाभर मला जेवण गोड लागलं नाही.

रविवारी दुपारी शर्यतीआधी तासभर सराव केला. तेच, रडतखडत. उठले आणि टॉर्च घेतली. बस सुरू करायच्या आधी चारी बाजूंनी फिरून तपासायची, ही माझी जुनी खोड. टायर, दिवे, सगळं हात लावून. या डब्याचंही तेच करू म्हटलं. मागे तळहात धरला. वर गरम हवा येत होती, कार्डाच्या जाळीपाशी मात्र थंडगार. अगं बाई! तासभर पळालेलं इंजिन गार कसं?

टॉर्च जवळ नेली. पडद्याची केबल कार्डात नव्हतीच. वरच्या दुसऱ्याच भोकात खुपसलेली होती. वसंतापासून कार्ड बिचारं नुसतं बसून, आणि सगळा भार कॉम्प्युटरच्या आतल्या एका किरकोळ चिपवर. म्हातारं म्हणे! त्याला कुणी कामच दिलं नव्हतं.

केबल खाली लावली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. रस्ता अगदी अलगद सरकायला लागला. आणि आता मला सांगायला सबब उरली नव्हती.

"बसवलंस का नवीन?" हेडफोनमधून गार्थने विचारलं.

"नाही. तेच आहे. केबल चुकीच्या जागी होती."

"कुणी लावलेली?"

"तुझ्याच तांत्रिक माणसाला विचार."

सगळे खो खो हसले. "आई, काय गं तू!" डेल पुटपुटला. ऐकू दे म्हटलं, सहा महिने मी ऐकलंय.

अकरा फेऱ्या चित्र एकदाही अडकलं नाही. बाराव्या, शेवटच्या फेरीत मी दुसरी होते. अखेरच्या वळणावर ब्रेक उशिरा दाबला आणि गाडी थेट कडेच्या वाळूत. सहावी आले.

हेडफोनमध्ये डेल हळूच म्हणाला, "आई, चित्र अडकलं असेल गं. कार्ड शेवटी जुनंच..."

पोरगं मला सांभाळून घेत होतं. नको होतं मला ते.

"चित्र स्वच्छ होतं," मी म्हणाले. "ब्रेक मी उशिरा दाबला. मीच. गार्थ, पुढच्या रविवारी माझं नाव लिही."