हुबेहूब गाव

आमच्या घरात विमान आलं ते दोन हजार एक साली, दिवाळीनंतर. नागपूरहून जीपच्या मागच्या सीटवर बसून आलं. तीन खोकी होती. एकात मॉनिटर, एकात कॉम्प्युटरचा डबा आणि एकात गेममधलं विमान उडवायचा जॉयस्टिक नावाचा दांडा. नव्या ट्रॅक्टरची करतात तशी मी त्याची पूजा करावी, असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं पडलं. मी केली. मॉनिटरला हळदकुंकू लावून नारळ फोडणारी आमच्या गावातली पहिली बाई मीच.

माझा नवरा गजेंद्र. सेलूजवळच्या वडझरीत आमचं सिमेंट, लोखंड, पत्रे आणि रंगांचं दुकान. दुपारी एक ते चार दुकान बंद असायचं आणि विमानतळ सुरू व्हायचा. त्या वेळेत कोणी खिळे मागायला आलं तर आतून आवाज यायचा, "आत्ता लँडिंग करून राह्यलो, थांबजो!" गिऱ्हाईक बिचारं ओट्यावर बसून लँडिंग संपायची वाट पाहायचं. त्यात लाइट जायची. आमच्याकडे तेव्हा लोडशेडिंग असं होतं की, कितीतरी विमानं हवेतच विझली. आतले प्रवासी कुठे गेले हे मी विचारायची. गजेंद्रला ते आवडत नसे.

गंमत म्हणजे खऱ्या विमानात हा माणूस कधी बसलेला नाही. समुद्रपूरला मामेबहिणीच्या लग्नाला एस.टी.ने गेलो, तर जाम गावाचा फाटा येईपर्यंत दोनदा उलटी. हातात लिंबू धरून बसलेल्या ह्या वैमानिकाला मी रुमाल पुरवत होते.

पण खोटं कशाला बोलू, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मलाही भारी वाटलं होतं. दिवसभर सिमेंटच्या धुळीत बसणाऱ्या माणसाला एक दांडा मागे ओढला की जमीन सोडता येते. ढगांतून वर गेलं की ऊन लख्ख पडतं. खाली नदी चमकते, शहराच्या खिडक्या दिसतात. शेजारीपाजारी नाहीत, उधारीवाले नाहीत, बायकोही नाही. यात सुख आहे हे मी कबूल करते.

घोटाळा झाला तो सीनरीचा, म्हणजे विमानातून खाली दिसणाऱ्या देखाव्याचा. गजेंद्रने एक दिवस नागपूरहून उड्डाण केलं आणि रेल्वेच्या रुळांवरून वर्ध्याकडे निघाला. बुटीबोरी संपलं आणि खाली नुसती हिरवी चादर. सेलू नाही, वर्धा नाही, पुलगाव नाही. मी भाजी निवडत होते, तर आतून अशी हाक आली की मला वाटलं शॉक लागला.

"हर्षा, पाय ना! पॅरिसले खिडक्या देल्ल्या, आन् आपल्याले गवत!"

हा अपमान त्याने मनावर घेतला. सीनरी आपणच बनवता येते, हे त्याला इंटरनेटवरच्या कुठल्याशा जर्मन माणसाने सांगितलं. त्यानंतर वर्षभर माझा नवरा टेप आणि कॅमेरा घेऊन गावात फिरत होता. घरांची मापं घ्यायची, भिंतींचे फोटो काढायचे, पाण्याच्या टाकीवर चढून वरून पाहायचं. छपरांची मापं मात्र त्याला तोंडपाठ होती, कारण गावातला जवळजवळ प्रत्येक पत्रा आमच्याच दुकानातून गेलेला. दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात गाव तयार झालं. देवळाचा कळस, शाळेचं तुटकं फाटक, बसस्टॉपवरचा पिवळा रंग, सगळं जागच्या जागी. "हुबेहूब!" असं कोणी म्हटलं की गजेंद्रचा चेहरा असा व्हायचा, जसा आमच्या लग्नातही झाला नव्हता.

मग रांग लागली. जो तो आपलं घर वरून पाहायला येऊ लागला. सदाशिवराव गुरुजी पाहून गेले आणि रागावले. "माह्या भिंतीचे पोपडे काऊन दाखवले बे?"

"रिअल हाय ते, गुरुजी. मी खोटं दाखवत नाई."

गुरुजींनी दसऱ्याला घर रंगवून घेतलं आणि पुन्हा आले. "आता काढ नवा फोटो." हे पाहून आणखी चार जणांनी घराला रंग दिला. दुकानाचा खप वाढला, हे एक बरं झालं.

एक अडचण राहिली. कालव्याकडून विमान खाली आणलं की नाल्यापाशी चित्र अडखळायचं. विमान पुढे, मग थांबलं, मग एकदम पुढे, बैलाने गाडी ओढावी तसं. नाल्यापलीकडे गोंडांची टोली होती, अकरा घरांची वस्ती. कवेलूंची, म्हणजे कौलांची छपरं, काड्यांची कुंपणं, दर दारी वालाचा नाहीतर दोडक्याचा मांडव. गजेंद्रने ती मन लावून बनवली होती, पण एवढं बारीक काम मशीनला झेपत नव्हतं. चार दिवस डोकं खाजवून त्याने इलाज केला. अकराही घरं पुसून टाकली आणि तिथे माळरान ठेवलं.

"आता पाय," मला म्हणाला, "कसं लोण्यावानी चालते."

तानबा त्याच टोलीतला. वीस वर्षं आमच्या दुकानात सिमेंटची पोती उचलायचा. गजेंद्रपेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठा, तरी गजेंद्र त्याला अरे-तुरेच करायचा. सगळं गाव पाहून गेलं तसा एका दुपारी तोही पाय झटकून आत आला आणि दाराशी उभा राहिला.

"शेटजी, मायं घर कुठी हाय?"

"अबे तानबा, तुमच्या टोलीपाशी मशीन अडत होती ना. म्हणून काढलं. तसंही वरून ते काई दिसत नाई."

तानबाने पडद्यावरचं माळरान पाहिलं. मग हसला. "म्हंजे आमी विमानाच्या आडवे आलो म्हना."

आम्हीही हसलो. मी त्याला चहा दिला. तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नाही, हे लिहून ठेवते.

सरपंच पुंडलिकरावांना गाव इतकं आवडलं की त्यांनी त्याचं चित्र वर्ध्याहून मोठ्या कागदावर रंगीत छापून आणलं. खाली 'वडझरी, सन २००३' असं लिहून घेतलं आणि काचेत बसवून पंचायतीत लावलं. दोन वर्षं त्यावर धूळ बसली.

मग टोलीचा प्रश्न निघाला. ती जागा सरकारी, ई-क्लासची, म्हणजे गुरं चरायची. बऱ्याच वर्षांपासून राहणाऱ्यांना ती नावावर करून मिळेल असं ठरलं आणि तानबाने अकरा घरांच्या वतीने अर्ज केला. पुंडलिकरावांना मात्र नवीन रस्ता तिथूनच जाणार असल्याचा वास लागला होता. त्यांना तिथे दुकानांचे गाळे हवे होते. कोणता गाळा कोणाला, हेही गावातल्या मोठ्या मंडळींत ठरून गेलं होतं. आमच्या वाट्याला एकही नव्हता. असता तर पुढे जे झालं ते लोभापायी झालं, असं म्हणून मी सुटले असते.

तालुक्याचे साहेब ग्रामसभेला येणार होते. टोली किती जुनी हे त्यांनी ठरवायचं होतं. तानबाकडे कागद म्हणाल तर रेशनकार्ड, आणि त्यावर नुसतं गावाचं नाव. आदल्या दिवशी तो आणि त्याची बायको रामबाई आमच्या ओट्यावर आले.

"शेटजी, पुंडलिकराव उद्या ते चित्र दाखवनार हाय. म्हनते, हे पाहा, दोन हजार तीनमंदी इथं कोनीच नव्हतं, हे लोक मागून येऊन बसले. तुमी साहेबाले एकच सांगून द्याजा, का हे चित्र मी बनवलं अन् आमची घरं मीच काढली. बस."

"सांगतो ना तानबा. त्यात काय एवढं?"

आणि त्याला सांगायचंच होतं. माझा नवरा वाईट माणूस नाही. मी त्याच्याशी संसार करते, मला माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी साहेब आले, हार घातले गेले आणि पुंडलिकरावांनी चित्र उतरवून टेबलावर ठेवलं. साहेब वाकून पाहू लागले. पंचायतीच्या खिडकीतून समोरची शाळा दिसत होती. ते एकदा शाळेकडे पाहायचे, एकदा चित्राकडे. फाटक तेच, त्याची मोडलेली कडीही तीच. मग देऊळ जुळवलं. मग बसस्टॉप. गावकरीही उठून टेबलाभोवती जमले आणि ज्याला त्याला आपलं छप्पर सापडू लागलं.

"माझ्या नोकरीत विमानातून घेतलेला इतका स्वच्छ फोटो मी पाहिला नाही," साहेब म्हणाले. "कोणी घेतला?"

"आमचे गजेंद्रभाऊ," पुंडलिकराव म्हणाले.

साहेब उभे राहिले. त्यांनी गजेंद्रचा हात हातात घेतला. "हे अगदी खरं आहे ना? जसं आहे तसंच?"

मी बायकांत बसले होते. गजेंद्रने तानबाकडे पाहिलं. मग चित्राकडे पाहिलं. आणि मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की आता काय होणार. गावाने वाहवा केली होती, जर्मनीतल्या माणसाने केली होती, पण सरकारने त्याची सीनरी खरी मानली होती. तो गेम आहे हे आता त्याच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं.

"शंभर टक्के रिअल हाय, साहेब."

"अहो, तो गेम आहे." एवढंच मला म्हणायचं होतं. जिभेवर आलं होतं. पण भरल्या सभेत, साहेबांसमोर नवऱ्याचं नाक कापलं तर घरी काय होईल, गाव काय म्हणेल, हा विचार आधी आला. मी पदर सारखा केला आणि गप्प बसले. लाज वाटते. तेव्हाही वाटली होती.

तानबा स्वतःच उठला. "साहेब, हा कंप्युटरचा खेळ हाय. आमी तीस वर्सापासून राहून राह्यलो तिथं."

लोक हसले. ज्यांच्या पोरांच्या लग्नात तानबाच्या टोलीने मांडव घातले होते, तेही हसले. साहेबांनी मात्र त्याला जवळ बोलावलं आणि माळरानावर बोट ठेवलं.

"मग यात तुम्ही कुठे आहात, ते दाखवा."

पुढच्या उन्हाळ्यात टोली उठवली. अकरा घरं बोर धरणाच्या वाटेवर तीन किलोमीटर लांब गेली. गजेंद्रने त्यांना दुकानातले जुने पत्रे फुकट दिले आणि दोन दिवस त्याला आपण फार मोठ्या मनाचे आहोत असं वाटलं. तानबा पोती उचलायला रोज तेवढी पायपीट करून येत राहिला. गजेंद्रच्या सीनरीला वर्ध्याच्या प्रदर्शनात बक्षीस मिळालं. त्या आनंदात त्याने नवं, जबरदस्त मशीन आणलं. या वेळी पूजा मी केली नाही. डोकं दुखतं म्हणाले.

आठवड्याभराने दुपारी तानबा पुन्हा दाराशी उभा राहिला.

"शेटजी, मशीन नवी आनली म्हनते."

"ये ना तानबा, पाय. आता कितीबी टाक, अडतच नाई!"

"मंग आमची अकरा घरं टाकून द्याजा त्याच्यात. रामबाई म्हनत होती, एक डाव वरून पाहून घेऊ."

गजेंद्र खरंच अवघडला. दांडा सोडून त्याच्याकडे वळला आणि त्याला समजावू लागला.

"अबे, आता कसं टाकू तानबा? आता तिथं तुमची घरं हाय कुठी? मी खोटं नाई ना दाखवत."

तानबा पुढे आला आणि पडद्यावर नाल्यापलीकडे पाहू लागला. तिथे एका ओळीत पांढऱ्या रंगाचे आठ गाळे होते. शटरं निळी, आणि प्रत्येकावर पाटी.

"शेटजी, गाळे तं अजून बांधलेच नाई ना तिथं. नुसते गोटे पडून हाय."

"ते तं होनारच हाय ना," गजेंद्र म्हणाला आणि त्याने विमान वर्ध्याकडे वळवलं.