दिवेकरांची जागा

राफाएल दिवेकर आयुष्यात कधी दिवे गावाला गेले नव्हते. त्यांचे वडीलही नाही. तरी "माणसानं शेवटी आपल्या मातीत जावं" हे ते लंडनजवळच्या क्रॉयडनच्या घरात, हीटिंग फुल ठेवून, येईल त्याला ऐकवत.

मुंबईचे हे मराठी ज्यू. क्रॉयडनच्या व्हिसा ऑफिसात त्यांनी परक्यांना "पर्मनंट अॅड्रेस?" विचारत नोकरी काढली आणि रिटायर झाल्यावर तोच प्रश्न त्यांच्या मानगुटीवर बसला. आपल्याला पुरायचं कुठं? त्यांना हवी होती मुंबईच्या कबरस्तानात वडिलांशेजारची जागा. बायको दिनाला हवी होती इथली, नातवंडांना बसनं येता येईल अशी. नवरा-बायको शेजारी शेजारी असावेत, एवढ्यावर मात्र दोघांचं एकमत होतं आणि तीच पंचाईत होती.

२००८ साली त्यांना टीव्हीवर इब्न बतूता भेटला. मध्ययुगातला मुसलमान प्रवासी. चीनपर्यंत जग पालथं घातलं, आपल्या दौलताबादलाही येऊन गेला, आणि कबर कुठं? जन्मगावी, मोरोक्कोतल्या टँजियरला! "बघ दिना, एवढा भटकला, पण शेवटी घरी," ते म्हणाले. हा पुरावा बायकोला दाखवायला त्यांनी साउथहॅम्प्टनहून क्रूझ घेतली. टँजियरच्या गल्लीतल्या त्या लहानशा खोलीत त्यांनी आपल्या रिवाजाप्रमाणे कबरीवर खडा ठेवला, डोळे मिटले, थोडे रडलेसुद्धा. दिनानं फोटो काढला.

तो फोटो बघायला नात हॅनाह आली. ती युनिव्हर्सिटीत हिस्ट्री शिकत होती, हे आजोबांच्या ऐन वेळी लक्षात आलं नाही.

"आजोबा, बट हा कबर शुअर नाही आहे."

"ही कबर," आजोबांनी निदान व्याकरणात तरी तिला धरलं.

"ओके, ही. म्हातारा झाला तेव्हा तो दुसरा टाउनमध्ये काझी होता. मे बी तिकडेच त्याला पुरला. नोबडी नोज."

राफाएल भडकले. "म्हणजे लोक इतकी वर्षं भलत्याच माणसापुढं रडतायत? एकालाही चौकशी करावीशी वाटली नाही? काय एकेक मूर्ख असतात!"

चहा ओतता ओतता दिनाचा हात थांबला.

"अहो, एक सांगू? रागावू नका. मुंबईला तुम्ही ज्या कबरीवर खडा ठेवता ना, ते पप्पा नाहीत."

वडील गेले तेव्हा राफाएलना जाता आलं नव्हतं. वर्षभरानं गेले ते तडक कबरस्तानात, कुणाला काही न विचारता. विचारणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं. एका दगडावर 'शालोम रूबेन दिवेकर' हे वडिलांचं नाव दिसलं आणि त्यांनी तिथंच टाहो फोडला. समाजात माणसं थोडी आणि नावं त्याहून थोडी. मृत्यूचं साल खाली हिब्रू पद्धतीनं, आकड्यांऐवजी अक्षरांत कोरलेलं होतं. प्रार्थना राफाएलना तोंडपाठ, पण अक्षरांवरून साल काढता येत नसे आणि तसं कबूलही करवत नसे. सोबत आलेली दिना सिनेगॉगमध्ये प्रार्थना म्हणणाऱ्याची मुलगी. तिनं एका नजरेत ओळखलं, की हे शालोम राफाएलच्या जन्माच्या कितीतरी आधीच वारलेत.

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुम्ही इतके रडत होतात. मधे कशी बोलू? आणि मग दर खेपेला उशीरच होत गेला."

"मग... पप्पा?"

"मागच्या ओळीत, भिंतीपाशी. तुम्ही नळावर हात धुवायला जाता ना, तेव्हा मी ठेवून येते खडा. तुमच्या नावानं."

राफाएल आधी शरमले. मग त्यांना हसू आलं आणि हसता हसताच ते रडायला लागले, पहिल्यांदाच योग्य बापासाठी.

"एकदा जाऊन पप्पांची माफी मागू," ते नाक पुसत म्हणाले. "आणि त्या दुसऱ्या शालोमला थँक यू म्हणू. बिचाऱ्यानं माझं किती ऐकून घेतलं! पण हॅनाह, जागेची चौकशी इथलीच कर. तुझी आजी जिथं, तिथं मी. तिच्याशिवाय मला माझीसुद्धा कबर सापडायची नाही. फक्त दगडावर साल इंग्लिशमध्ये घाला, नाहीतर तुम्ही पोरं भलत्याच दिवेकरापुढं रडत बसाल."

दिनानं चहाचा कप त्यांच्यापुढं सरकवला.

"अहो, इथं दुसरा दिवेकर आहेच कुठं?"