खरवडलेली होडी

उपरण्याखाली हात घालून देवजीने लडकूची दोन बोटं दाबली. लडकूने हात झटकला.

"काय दाबतोस रं? मी काय बैल इकतोय? तोंडानं बोल की!"

कल्याणच्या खाडीकाठी जमलेली माणसं हसली. म्हसा गावच्या जत्रेत बैलांचा सौदा असाच कापडाखाली, बोटांनी होतो. देवजीला दुसरी रीत ठाऊक नव्हती. उघड्यावर भाव बोलायचा म्हणजे त्याला चारचौघांत धोतर सुटल्यासारखं वाटलं.

होडी चिखलात कलती पडली होती. जुनी, काळवंडलेली, तळाला कालवांचा आणि शिंपल्यांचा जाड थर बसलेली. देवजीने बैल पाहावा तशी ती पाहिली. लंगडत भोवती फेरा घातला, काठावर थाप मारली, आत वाकून वास घेतला. मुरबाडकडच्या त्याच्या गावाच्या आसपास कुणाला बैल घ्यायचा झाला, तर आधी देवजीला गाडीत घालून न्यायचे. तो "घे" म्हणाला की घ्यायचा. कोळशाच्या भट्टीसाठी झाड तोडताना ओंडका पायावर आला, तेव्हापासून त्याचा गुडघा वाकत नव्हता. डोंगरउतारावरची नाचणी त्याच्याच्याने होत नव्हती. राहिली होती ती ही नजर आणि त्या नजरेचा मान.

"कोळी ना रं तू?" लडकूची म्हातारी आई धोंडीबाई दारातून ओरडली. "मंग होडीला असा लाजतोस काय, नव्या नवऱ्यावानी?"

"आमी डोंगरातलं कोळी, आये. आमच्या बापजाद्यांनी पानी पाह्यलं ते भाताच्या खाचरात."

म्हातारीही हसली. देवजीला मात्र हसू येईना. गावाजवळच्या काळू नदीच्या डोहात मासा भरपूर होता, पण काठावरून टाकलेलं जाळं तिथवर पोचत नव्हतं. होडी असली की गुडघा लागत नाही, हात पुरतात. महायुद्धाची लढाई चालू होती; त्या दिवसांत नव्या होडीचं नावही काढता येत नव्हतं. लडकू मुंबईच्या गोदीत कामाला लागला, म्हणून ही तरी विकायला निघाली होती. देवजीने कनवटीची गाठ सोडली आणि म्हैस विकून आलेलं सगळंच पुढे ठेवलं.

"येवढंच हाय. आता बोल."

लडकूने आईकडे पाहिलं. "ने," तो म्हणाला.

चुलतभाऊ धाऊच्या बैलगाडीवर बांधून होडी गावात आली. देवजीच्या घरची रीत अशी, की नवरी येवो नाहीतर बैल, आधी अंघोळ घालायची, हळद लावायची, मग आत घ्यायचं. बायको भागीरथी ऊन पाणी घेऊन उभीच होती.

"ही काय गो बया! अंगभर खरूज!" शेजारची रंभा म्हणाली.

"खरूज कशाची? माहेरचे दागिने हायेत."

"मंग उतरव की. लंकेची पार्वती बरी दिसंल तुज्या घरात!"

दोघींनी खुरपी घेतली. कालवं तुटून अंगणात पडू लागली. देवजी पाय पसरून ओट्यावर हसत बसला होता. पाय मोडल्यापासून तो असा मोकळा हसला नव्हता.

"तिकडं, पोटाखाली राह्यलंय बघा," तो बोटाने दाखवत होता.

खालच्या लाकडाला चाळणीसारखी बारीक भोकं होती. भागीरथीने त्यावर शेण आणि राख लिंपली, जशी भुई सारवतात तशी. वरून हळदीची पाच बोटं ओढली.

डोहावर अर्धं गाव जमलं. देवजीने बांबू रेटला. होडी सरळ निघाली. डोहाच्या मध्यावर गेल्यावर त्याच्या पायाला गार लागलं. आधी पाण्याचा एक धागा आत आला, मग कितीतरी.

"देवजीदादा, मासं आतच घेतोस काय?" धाऊ काठावरून ओरडला.

मग कुणी हसलं नाही. थकलेली म्हैस पाण्यात बसावी तशी होडी सावकाश खाली बसत गेली. ताठ पाय घेऊन देवजी तिच्या काठाला लोंबकळत राहिला. धाऊने उडी टाकली आणि त्याला ओढून काढलं. होडी दोराने ओढावी लागली.

देवजी भांडायलाच पुन्हा कल्याणला गेला. लडकूने सगळं ऐकून घेतलं.

"कालवं खरवडली?" त्याने हळूच विचारलं.

आत धोंडीबाईने कपाळावर हात मारून घेतला.

"आरं, लाकूड खाडीच्या किड्यानं कवाच पोखरलंय," लडकू म्हणाला. "वरच्या कालवांनीच पानी आडवलं व्हतं. ती ऱ्हायली आसती तर दोन पावसाळं सहज काढलं आसतंस. ह्ये आमच्या पोरांना पन ठावं. तुला सांगाया पायजे, आसं वाटलंच नाय मला."

"डांबर फासलं तर?"

"लढाईत डांबर कुठलं, देवजी?"

देवजी गावाकडे वळला. भांडायला काही उरलंच नव्हतं.

घरी भागीरथी उंबऱ्यात बसलेली होती. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं.

"काय बोलला तो? आमी धुतली, म्हनून तर नाय ना?"

देवजीने तांब्याभर पाणी पिऊन घेतलं.

"नाय गो," तो मोठ्याने म्हणाला, कुडापलीकडच्या रंभाला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "लाकूडच सडकं व्हतं. मला दिसलं नाय. फसलो मी."

संध्याकाळपर्यंत ते गावभर झालं. मुरबाडचा बाजार भरला, तेव्हा आसपासच्या गावांत गेलं.

पौषात म्हशाच्या जत्रेला गाड्या निघाल्या. देवजी पहाटेच मुंडासं बांधून ओट्यावर बसला होता. एक गाडी दाराशी मंदावली. धाऊ कुणाशी तरी हळू आवाजात बोलला, आणि गाडी पुढे गेली.

"बोलावलं नाय?" भागीरथीने विचारलं.

"पाय दुखतोय. मीच नको बोललो."

परसात जाऊन तिने तिथे पडलेल्या होडीची एक फळी मोडून आणली आणि चुलीत सारली. खारं लाकूड तडतडलं. जाळ हिरवा उठला, कडेने निळा.

"अवं, ह्ये बघा तरी! कसला रंग हाय!"

देवजी आत आला. त्याने मुंडासं सोडलं, नीट घडी केली, कोनाड्यात ठेवलं. मग पाय लांब करून चुलीपाशी बसला आणि दोन्ही हात त्या हिरव्या जाळापुढे धरले.