मिठाच्या पानाचा शोध

सुबोध सरांचं डोकं फिरलंय, असं मी पहिल्यापासून म्हणत होते. शाळेत फळा आहे, पुस्तकं आहेत, मग पोरांना गावभर कशाला हिंडवायचं? पण शनिवार आला की हा माणूस बोरिवलीहून बोटीने गोराईत उतरणार आणि पोरांच्या हातात चिठ्ठ्या कोंबणार. लोहचुंबकाला चिकटेल ते शोधा. आपल्या हाताएवढं लांब काय ते शोधा. एकदा चौथीची अख्खी पलटण माझ्या अंगणात घुसली आणि वलांडीच्या बांबूंवर सुकत घातलेले बोंबील पट्टीने मोजून गेली. मी झाडूच उचलला होता.

पण खरं ते खरं. माझी कल्पिता वर्गात तोंड उघडत नव्हती. वाचायला उभी केली की रडायची. या शोधाच्या खेळापायी पोरगी चिठ्ठ्या वाचायला लागली. अडखळत, अक्षराला अक्षर लावत, पण लागली. म्हणून मी सरांना घरात शिव्या घालायचे, तोंडावर नाही.

त्या शनिवारी मी जाळं शिवत बसले होते. सर दारात आले. चेहरा पांढराफटक.

"मथुराताई, कल्पिता घरी आलीय का?"

"घरी कशी येईल? शाळेत सोडलीय ना तुमच्याकडे!"

"आजची चिठ्ठी होती, पाठीवर मीठ असलेलं पान शोधा. तिवराची एक फांदी मीच शाळेच्या गेटला बांधून ठेवली होती. विहिरीच्या पुढे जायचं नाही, असं बजावलंही होतं. पण फांदी शेळीने खाल्ली. बाकीची पोरं परत आली. ती म्हणतात, कल्पिता बोलली, मला माहितीये ते झाड कुठंय."

माझ्या हातातली सुई कुठे पडली, मला आजही माहीत नाही. तिवर कुठे असतं ते गोराईतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. खाडीत. आणि दुसऱ्या दिवशी अमावास्या होती, भरतीला उधाण. पाणी चढायला लागलेलं होतं.

मी धावले. पायात काही नव्हतं, पदर कुठे होता देव जाणे. मागून सर, त्यांच्या मागे चार बायका. पोरीचा बाप दिपेश बोट घेऊन समुद्रात, त्याला कळवायचं तरी कसं? वाटेत भिकाजीकाका दिसले, त्यांना नुसतं "होडी काढा" म्हटलं. त्यांनी कारण विचारलं नाही.

चिखलाच्या कडेला तिच्या चपला होत्या. शेजारी शेजारी नीट ठेवलेल्या. चिखलात उतरताना चपला काढून ठेवायच्या, रुतून हरवतात, हे मीच शिकवलेलं. तिथून लहान पावलं आत गेली होती आणि थोड्या अंतरावर पाण्याने ती पुसून टाकली होती.

  

मी हाक मारली. "कल्पिता! बाळा! माझी सोनी ती, कुठं आहेस गं राणी?"

काही नाही. तिवराच्या मुळांत पाणी बुडबुडत होतं, तेवढाच आवाज.

"बाळा, आई आलीय गं! ये माझ्या सोन्या, कुणी ओरडणार नाही तुला!"

सरांनीही हाका मारल्या. त्यांचा आवाज चिरकला. पाणी माझ्या गुडघ्यावर आलं, मग मांडीवर. होडी आली. काका वल्हं टेकवत आत शिरले. आत झाडी इतकी दाट की हाताच्या अंतरावर माणूस असला तरी दिसायचा नाही. मी होडीची कड धरून चालत होते आणि हाका घालत होते. ओ नाही. बुडाली, असं मनात आलं आणि मी मोठ्याने "नाही" म्हणाले.

काका म्हणाले, "पोरीला ऐकू जात असंल. पण ओ कशी देईल? तू शिकवलं नाहीस तिला?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आमच्यात पोराला कळायला लागलं की पहिलं हेच सांगतात. खाडीत कुणी नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही. खाडीतली हडळ आईच्या आवाजात बोलावते, ओ दिली की घेऊन जाते. पोरांनी कांदळाच्या झाडीत शिरू नये म्हणून सांगायचं, दुसरं काय! मी तर रात्री कुशीत घेऊन, भीती घालून घालून सांगितलं होतं.

"अगं मीच आहे! खरी आई!" मी ओरडले. पण तीसुद्धा हेच म्हणाली असती ना?

आता काय करू? पाणी कमरेवर आलं. मी पुढे पाऊल टाकलं आणि कालवाच्या शिंपीने तळवा टर्रकन फाटला. मी आपटले. नाकातोंडात खारं पाणी गेलं. उठले ती संतापून, रडत, बेभान.

"ए कार्टे! भवाने! कुठे उलथलीयेस? ओ दे, नाहीतर तंगडं मोडून हातात देईन! आईला जिती मारतेस काय गं सटवे!"

डाव्या हाताच्या झाडीतून बारीक आवाज आला. "आई?"

ती तिवराच्या दोन फांद्यांत अडकून बसली होती. पाणी तिच्या पोटऱ्यांना लागत होतं. ओठ निळे. काकांनी होडी खाली घातली, सरांनी तिला उचललं आणि मी होडीत चढून तिला छातीशी असं आवळलं की ती खोकलीच. तिने मूठ उघडून सरांना पानं दाखवली. पाठीवरचं मीठ पाण्याने गेलं होतं. सर खाली बघत राहिले.

"हाका ऐकू येत नव्हत्या का गं?" मी विचारलं.

"पहिल्यापासून येत होत्या."

"मग?"

"ती बाळा म्हणत होती. राणी म्हणत होती." ती अजून थरथरत होती. "मला वाटलं, तू नाहीस."

काकांचं वल्हं थांबलं.  मी तिच्या केसांवरून हात फिरवला, बाळा म्हणायला तोंड उघडलं, आणि तिने दचकून वर माझ्याकडे पाहिलं.

"गप बस, कार्टे," मी म्हणाले. तेव्हा कुठे तिने डोकं माझ्या खांद्यावर टाकलं.