दिवा वाढव

समज, एक गाव आहे. चारी बाजूंनी दगडी तट, मधोमध विहीर आणि बुरुजावर माणसाच्या उंचीचा एक दिवा. त्या गावाची राखण तुझ्याकडे दिली आहे. कमरेला तलवार, पाठीवर तेलाची बुधली. कोंबडा आरवतो आणि तुला जाग येते. कुंभार चाकावर माती चढवत असतो. एक मुलगा शेळीमागे धावतो आणि दगडाला ठेचकाळून पडतो. विहिरीवरची म्हातारी हाक मारते. दिवसभर गावात फिरायचं, शस्त्रं जमवायची, डावपेच शिकायचे. कारण दिवस मावळला की तटावरून सावल्या चढून येतात. लांबलचक, बिनतोंडाच्या. एक कापावी तर दोन होतात. त्या दिव्यापर्यंत पोचल्या की सगळं काळं होतं.

आणि मग पुन्हा कोंबडा आरवतो. तोच कुंभार, तीच माती. तोच मुलगा त्याच दगडाला ठेचकाळतो. गावात कुणालाच काल आठवत नाही. फक्त तुला आठवतो.

आलं डोळ्यांसमोर? छान. आता ते गाव तसंच मनात ठेव आणि माझ्याबरोबर पंचवटीत ये, मालेगाव स्टँडच्या मागच्या गल्लीत. कारण ते गाव तिथे होतं, जयरामकाकांच्या गेमच्या दुकानात, कोपऱ्यातल्या संगणकावर. खेळाचं नाव 'साठ घटका'. जुन्या मोजणीत एका दिवसाच्या साठ घटका होतात, आणि या खेळात तो एकच दिवस पुन्हा पुन्हा येई.

हे दुकान एके काळी केवढं गजबजलेलं असे, ते तुला सांगून खरं वाटणार नाही. टीव्हीला जोडलेली सहा यंत्रं होती. कॅसेट चालली नाही की ती काढून तिला फुंकर मारायची, पुन्हा बसवायची. तेवढी दुरुस्ती प्रत्येक पोराला येत असे. दाराशी चपलांचा ढीग. घरी जाताना एखाद्याच्या पायात दोन्ही डाव्याच. जो सर्वांत पुढे जाईल त्याचं नाव काका लाल ऑइलपेंटने भिंतीवर लिहीत. त्या नावांमधले कितीतरी जण आता मिशा राखून, मुलांची दप्तरं धरून त्याच गल्लीतून जातात आणि मान वळवून भिंतीकडे बघतात.

मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. सहा यंत्रांच्या जागी तीन संगणक उरले, आणि त्या तिन्हींपुढे मिळून बहुतेक दिवशी एकच मुलगी. हर्षाली. इयत्ता सातवी, दोन वेण्या, खेळताना जीभ बाहेर.

घरी संगणक नव्हता आणि आईच्या मोबाइलवर 'साठ घटका' चालत नसे. म्हणून शाळा सुटल्यावर ती इथे येई आणि सहा वाजता क्लासला पळे. गेल्या दिवाळीपासून आतापर्यंत ती तो दिवस दोनशे अकरा वेळा जगली होती. कुंभाराच्या घरामागे भाला आहे हे तिला पाठ होतं. शेळीवाल्या पोराला वाचवलं तर गुप्त वाट कळते, हेही. फक्त शेवट सापडत नव्हता.

खेळ कुठल्यातरी परदेशातल्या मंडळींनी बनवलेला होता. पण त्यातली भाषा मराठी होती, कारण काकांनी दोन वर्षं खपून एकेक वाक्य मराठीत आणलं होतं. आणि विहिरीवरच्या म्हातारीला आवाज दिला होता त्यांच्या आईने, सटाण्याच्या अक्काबाईंनी. रोज सकाळी ती म्हातारी राखणदाराच्या हातावर एक पिवळं फूल ठेवी आणि तेच म्हणे, "दमलीस गं बाय. हे फूल घे नि दिवा वाढव."

"शेवटी आईचं आणखी एक वाक्य आहे," काका सांगत. "अजून कुणी ऐकलेलं नाही. दर रविवारी फोनवर विचारते, पोचलं का रे कोनी?"

हर्षालीला ते वाक्य ऐकायचं होतं. आणि आज शेवटचा दिवस होता. अक्काबाईंना आताशा ऐकू कमी यायचं, डोळेही धूसर झाले होते, आणि नाशिकला यायला त्या तयार नव्हत्या. म्हणून काकाच सटाण्याला राहायला निघाले होते. उद्या सकाळी टेम्पो येणार, संगणक दुसऱ्या कुणाकडे जाणार. दुकान सातला बंद, ते कायमचं.

"काका, मी आज क्लासला दांडी मारलीय. आईला सांगून," हर्षालीने खुर्ची ओढत सांगितलं.

"सांगून मारलेली दांडी नसते. ती रजा."

बाहेर पायरीवर फुलांची पाटी घेऊन चिमणाबाई बसल्या होत्या. पहाटेच्या बसने सायखेड्याहून यायच्या आणि पाटी रिकामी झाली की परत जायच्या. वीस वर्षं त्यांची जागा तीच. त्यांनी आत डोकावलं. "काय गं पोरी, तुझी ती तलवारवाली आज तरी जिंकती का? का रोजच्यासारखी मरती?"

"मरत नाही आजी. दिवस पुन्हा सुरू होतो."

"मंजी आमच्यासारखंच की. तीच बस, तीच पाटी, तेच 'मावशी, वीसला दोन द्या'."

हर्षालीने आज सगळी तयारी करून ठेवली होती. तेलाच्या सात बुधल्या जमवल्या. दिवस मावळताच बुरुजावर चढली, म्हातारीचं फूल दिव्यापुढे वाहिलं आणि साती बुधल्या ओतल्या. ज्योत अशी उसळली की पडद्यावरचं सगळं गाव पिवळंधमक झालं. सावल्या मात्र हटल्या नाहीत. जेवढी ज्योत मोठी, तेवढ्या त्या लांब. पाठीमागून आल्या, पायाखालून आल्या. तिने भाला फेकला, तलवार चालवली, बोटं दुखेपर्यंत कळा दाबल्या. पडदा काळा झाला आणि कोंबडा आरवला. दोनशे बारा.

तिने मागे वळून पाहिलं. काका कोरड्या फडक्याने पुसलेलाच संगणक पुन्हा पुसत होते, ओठ घट्ट मिटून.

"काका, एक शब्द सांगा ना. अर्धा."

काकांनी बोट वर केलं. भिंतीवर नावांच्या वर लिहिलेलं होतं: 'खेळणाऱ्याला सांगू नये. मोबाइलवर उत्तर शोधू नये. सांगेल त्याने दुकान झाडावे.'

"आज शेवटचा दिवस आहे!"

"म्हणून तर नियम मोडायचा नाही. पंचवीस वर्षं पाळलाय."

सव्वासहा वाजले होते. खेळातल्या एका दिवसाला घाई केली तरी अर्धा तास लागे. म्हणजे एकच दिवस उरला होता. काकांनी गल्ल्यावरच्या गणपतीपुढे निरांजन लावलं. हर्षालीने ते याआधी कधी पाहिलं नव्हतं. दिवेलागणीला ती क्लासमध्ये असायची.

"जयराम," बाहेरून चिमणाबाईंनी हाक मारली. त्या पाटी आवरत होत्या. "वाढवलं का रं दुकान?"

"वाढवतो मावशी. ही पोरगी उठली की वाढवतो."

हर्षालीचे हात कळांवरच थांबले. "वाढवताय? तुम्ही तर बंद करताय ना?"

"अगं, तेच ते," चिमणाबाई हसल्या. "दुकान बंद केलं असं म्हनू नाय. वाईट वाटतंय कानाला. वाढवलं म्हनायचं. शाळंत शिकवत नाय व्हय?"

"बंद करणं म्हणजे वाढवणं?"

"मग? नारळ फोडला म्हनतो का देवापुढं? वाढवला म्हनतो. बांगडी फुटली तरी वाढवली."

हर्षाली खुर्चीतून अर्धी उठली. "आणि आजी... दिवा?"

"दिवा बी तसाच. दिवा इझवला म्हनू नाय, वाढवला म्हनायचं. आन् तोंडानं फुंकर नाय मारायची त्याला. फूल घ्यायचं, अल्लाद वातीवर ठिवायचं."

काकांच्या हातातलं फडकं खाली पडलं. त्यांनी कोपऱ्यातला झाडू उचलला आणि चिमणाबाईंपुढे धरला.

"हात मेल्या! मी कुठं तुझा गेम सांगितला? मी दिव्याचं सांगितलं."

हर्षालीचं लक्ष नव्हतं. ती विहिरीकडे धावत सुटली होती. तिची राखणदार, म्हणजे. फूल घेतलं. भाला घेतला नाही, तेल घेतलं नाही. वाटेत शेळीवाल्या पोराला मात्र दगडाआधीच धरलं, सवयीने. कुंभाराच्या चाकाजवळून, तेलघाण्याजवळून, सगळ्या ओळखीच्या दारांवरून ती सरळ बुरुजावर जाऊन उभी राहिली आणि दिवस मावळायची वाट पाहू लागली.

सावल्या चढल्या. एक जवळ आली, दुसरी आली. तलवारीच्या कळेवरचं बोट तिने मुद्दाम उचललं. मग म्हातारीचं फूल काढून ज्योतीवर ठेवलं.

पडदा काळा झाला.

"गेलं," ती पुटपुटली.

पण कोंबडा आरवला नाही. काळोखात हळूहळू चांदण्या दिसायला लागल्या. तट दिसला, विहीर दिसली. सावली एकही नव्हती. दिवाच नाही, तर सावली कुठून पडणार? आणि जुन्या, थोड्या खरखरीत स्पीकरमधून अक्काबाईंचा आवाज आला, कानाशी बसून बोलावं तसा:

"वाढवलास? शहाणी गं माझी बाय. नीज आता. उद्याचं उद्या."

 मग काका खुर्चीच्या पाठीवर हात टेकून म्हणाले, "इंग्रजीत सरळच होतं बघ. 'दिवा विझव.' मी तसंच लिहून आईपुढे ठेवलं. ती म्हणाली, मी नाही असलं अशुभ बोलायची, वाढव लिही. मी लिहिलं. आणि मग एकेक पोरगं तेल ओतायला लागलं! नियम माझाच. सांगू कसं?"

"म्हणजे मराठीतच अवघड होता?"

"जगात सगळ्यांत अवघड आमच्या आईने करून ठेवला."

त्यांनी फोन लावला. पलीकडे बराच वेळ वाजत राहिला. "आई! पोचली! पोचली म्हणतोय!"

"कोन? एस्टी?" आवाज एवढा मोठा होता की सगळ्यांना ऐकू आला.

"अगं, हर्षाली! तुझ्या खेळात! शेवटापर्यंत!"

 मग अक्काबाई हसल्याचं ऐकू आलं. "तिला म्हणावं, लई गुणाची. आन् तू काय करतोस अजून तिथं? वाढव की आता. मी वाट बघते."

"हो," काका म्हणाले. "वाढवतोच."

सात वाजून गेले होते. काकांनी दोन संगणक बंद केले. भिंतीवरच्या लाल नावांखाली पेनने 'हर्षाली' लिहिलं. ऑइलपेंटचा डबा कधीच वाळून गेला होता. मग शटरचा आकडा उचलला, खाली ठेवला. खुर्च्या सरळ केल्या. गल्ल्यापाशी आले, निरांजनाकडे पाहिलं आणि पुन्हा फडकं शोधायला मागे वळले. चिमणाबाई पाटी काखेत घेऊन पायरीवर उभ्या होत्या, पण त्यांनीही घाई केली नाही. त्यांची बस सुटायला अजून थोडा वेळ होता, असं त्या म्हणाल्या. खरं तर नव्हता.

कोपऱ्यातल्या पडद्यावर उजाडलं होतं. कोंबडा आरवला. कुंभाराच्या चाकाशेजारी कालचं मडकं वाळत ठेवलेलं होतं. शेळीवाला पोरगा धावत आला, दगडापाशी थांबला आणि त्याला वळसा घालून गेला. खाली अक्षरं उमटली: 'दुसरा दिवस. पुढे चालायचे?'

हर्षालीने ती अक्षरं दोनदा वाचली. मग ती उठली. पायरीपर्यंत गेली, चिमणाबाईंच्या पाटीतली एक पिवळी शेवंती उचलली आणि गल्ल्यापाशी जाऊन काकांच्या शेजारी उभी राहिली. फुंकर मारली नाही. ते फूल तिने अलगद निरांजनाच्या वातीवर ठेवलं.