गवताचं मढं

"आधी फिल्मीतलो तो माणूस काय बोलता ता सांग. मगे फोनातला काय पुसूचा ता पूस," मथुराबाई म्हणाल्या.

अवनीने फोन पालथा धरला. "आजये, घाण बोलता तो. ऐकू नको."

"काजूच्या कारखान्यात चाळीस वर्सां काढलंय मी. घाण माका नवी नाय."

नातीचा नाइलाज झाला. पन्नास वर्षांपूर्वीचा तो परदेशी चित्रपट कुणीतरी इंटरनेटवर टाकला होता. जगभरातल्या ‘भयंकर’ चालीरीती गोळा करायच्या, नसतील तिथे मांडून घ्यायच्या आणि लोकांना दचकवायचं, असा तो काढणाऱ्यांचा धंदा. कुठे बकरं कापताहेत, कुठे निखाऱ्यांवरून चालताहेत, आणि मधेच त्यांच्याच गावची, रेडीची वाळू. पांढऱ्या कापडात गुंडाळलेलं एक मढं, आणि त्यावर पडून रडणारी काशीबाई. मथुराबाईंची आई.

"तो सांगता, हंयची बायलमाणसां एका पातळासाठी कोणाच्याय मढ्यार रडतत. आत नुसता गवत आसला तरी रडतत."

यात नवीन काही नव्हतं. गावही तेच म्हणत आलं होतं. शाळेच्या वाटेवर पोरं मथुराबाईंना चिडवायची, "गवताक रडली तिचा चेडू!" पातळ मात्र मिळालं होतं, हिरवं. आईने त्याची घडी कधी मोडली नाही. पुढच्याच वर्षी ती तापाने गेली. तिचा एक फोटोसुद्धा मागे राहिला नाही.

"मी तक्रार करतंय," अवनी म्हणाली. "दोन दिवसांत काढून टाकतले."

"आणि आये?"

"सगळाच जातला, आजये."

मथुराबाईंनी काजूबियांच्या तेलाने काळवंडलेली बोटं चोळली.

"माझो बापूस आंब्यांची होडी घेवन येंगुर्ल्याक गेलो, तो परत येवक नाय. मढा गावला नाय. मगे भटान दर्भाचो पुतळो करूक सांगल्यान आणि तोच जाळलो. आयेन आपल्या घोवाक शेवटचो बघल्यान तो गवतात. वर्सभरान ह्या फिल्मवाल्यांनी तिच्यासमोर तसाच गवत आणून ठेवल्यानी. बाकीची बायलमाणसां हसत होती. हिका रडता रडता थांबाक जमला नाय."

अवनीने फोन सुलटा केला.

"पुसू नको ता. खाली लिवूक येता मा? मगे लिव, काशीबाय आपल्या घोवाक रडली. आणि लिव, देव बरा करो."

"कोणाक? त्या बडबड्याक?"

"त्येका कित्याक? मेल्याची जीभ झडो! कॅमेरो धरलेलो, त्येका. इतकी वर्सां माझी आये सांभाळल्यान."

अवनीने लिहिलं, वाचून दाखवलं आणि चित्रफीत पुन्हा सुरू केली. निवेदक बोलायचं ते बोलून गप्प झाला. पुढचं दृश्य यायला दोन क्षण होते. काशीबाई उठून बसली, पदराने नाक पुसलं, आणि कॅमेऱ्याच्या बाजूला उभ्या असलेल्या कुणाकडे तरी बघून बसक्या आवाजात म्हणाली,

"मथू, उनात उभी रवू नको गो. सावलेक ये."

घरापुढच्या खळ्यात ऊन चढलं होतं. मथुराबाई उठल्या, आपला पाट उचलला आणि माडाच्या सावलीत जाऊन बसल्या.